टिचकीतलं

तिला माइकअक्का हे नाव कुणी ठेवलं, हे आता कुणालाच सांगता येत नाही. पगारपत्रकावर दुसरंच नाव होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली असती तर ती स्वतःही पटकन वळली नसती. उत्तरेकडच्या त्या तळ्याकाठच्या गावात सार्वजनिक रेडिओचं एक केंद्र होतं. केंद्र कसलं, पोस्टाच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या, आणि त्यातली एक कपाटांनीच भरलेली. रोज सकाळी सातला बातम्या लागायच्या. कुठला रस्ता बर्फानं बंद आहे, तळ्यावरचा बर्फ किती बोटं जाड झालाय, शाळेत आज कुणाचं गाणं, कुणाचा कुत्रा हरवला, कोण गेलं आणि माती किती वाजता. राजधानीच्या रेडिओला तिथे कुणी हिंग लावून विचारत नसे. त्या बातम्यांत कुत्रा सापडत नाही, असं लोकांचं म्हणणं होतं.

अक्काचं काम म्हणजे वाडीवस्तीवर फिरून माणसांचं बोलणं गोळा करून आणायचं. सव्वीस वर्षं तिनं हेच केलं. खांद्याला ध्वनिमुद्रणाचं यंत्र, हातात माइक, पायात दोन मापं मोठे बूट आणि त्यात लोकरी मोज्यांच्या दोन जोड्या. ती दारात उभी राहिली की बोलायला नको म्हणणारी म्हातारीसुद्धा तासाभरानं तिला जाऊ देत नसे. याचं अर्धं श्रेय तिच्या गोड जिभेला होतं आणि अर्धं टिचकीला.

टिचकीचं असं होतं. बाहेर इतकी थंडी की एकदा बंद केलेलं यंत्र पुन्हा सुरू व्हायला रुसून बसायचं. त्यातून मध्येच बटण दाबलं की बोलणारा माणूस बिचकतो, तो मग पुढे काही बोलत नाही. म्हणून अक्का यंत्र चालूच ठेवायची. समोरचा माणूस आतलं काही बोलायला लागला की माइकवर नखानं दोन टिचक्या मारायची. याचा अर्थ, इथून पुढचं कापा. खासगी बोलणं संपलं की एक टिचकी, म्हणजे आता चालेल. केंद्रावर संकलन करणारा माणूस लावायच्या तुकड्यातून टिचकी ते टिचकी कापून टाकायचा; मूळ ध्वनिमुद्रण मात्र कपाटात जायचं. लोकांना ती आधीच सांगून ठेवायची, "टिचकी ऐकलीत की पुढचं तुमचं आणि माझं."

हा शब्द तिच्यामागून गावभर झाला. दुकानात, दवाखान्याच्या बाकावर बायका एकमेकींना सांगायच्या, "टिचकीतलं आहे हं, कुणाला बोलू नकोस." ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही अशा बायकासुद्धा टिचकीतलं मात्र पोटात ठेवायच्या. अक्काला याचा केवढा अभिमान होता! तो ती दाखवत नसे, पण होता.

नऊ वर्षांपूर्वी केंद्रावर संकलनाला एक मुलगी आली. सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणू लागले, आणि पस्तिशी आली तरी ती धाकटीच राहिली. अक्कानं तिला हाताला धरून शिकवलं. श्वास कुठे ठेवायचा, खोकला कुठे काढायचा, माणूस रडायच्या आधी गप्प होतो ती जागा कशी जपायची. पहिल्याच दिवशी टिचकी शिकवली. अक्काला मूलबाळ नव्हतं. धाकटी तिच्याकडे जेवायला यायची, हक्कानं भांडायची, आजारी पडली तर अक्काच्याच घरी येऊन पांघरूण घेऊन झोपायची. लेक म्हणायचंच काय ते बाकी होतं.

केंद्राला पन्नास वर्षं होणार होती. शरद ऋतूत धाकटी म्हणाली, "अक्का, कपाटाची किल्ली दे ना. जुन्या ध्वनिमुद्रणांची यादी करते, सगळं संगणकात भरून ठेवते. नाहीतर ओल लागून जाईल सगळं." अक्कानं किल्ली काढून दिली, वर चार दिवस तिच्याबरोबर धूळही पुसली. कुणीतरी आपलं काम जपतंय म्हणून तिला भरून आलं होतं.

मग तो शनिवार आला. सकाळी दहाला पन्नाशीचा खास कार्यक्रम लागणार होता. अक्का पाववालीच्या दुकानात रांगेत उभी होती. फळीवरचा रेडिओ मोठा केलेला, आणि सगळे तिच्याकडे बघून हसत होते, कारण कार्यक्रम तिच्याच ध्वनिमुद्रणांचा होता. सुरुवातीला वाद्यं वाजली. मग एक बाई बोलायला लागली, आपल्या पहिल्या बाळाबद्दल, जे कुणाला माहीत नव्हतं त्या बाळाबद्दल. ते टिचकीतलं होतं. चुकून राहिलं असेल, तिला वाटलं, एखादा तुकडा नजरेतून सुटला असेल. पण लगेच दुसरा आवाज लागला, आणि तोही टिचकीतलाच. तिसरा आवाज जाळीवाल्या काकांचा होता.

हे काका मासेमारीची जाळी विणायचे, दुरुस्त करायचे. अठ्ठ्याहत्तर वय. तळ्याजवळच्या दुमजली घरात खाली ते आणि वर त्यांची विधवा वहिनी. थोरला भाऊ चाळीस वर्षांपूर्वी तळ्यावरचा बर्फ फुटून गेला होता, आणि तेव्हापासून वहिनींची लाकडं फोडणं, जिन्यावरचा बर्फ काढणं, औषधं आणणं, सगळं काकाच करत होते. गावात सख्ख्या भावांचं उदाहरण द्यायचं तर या घराचं देत. अकरा वर्षांपूर्वी जाळ्यांवर बोलता बोलता काका एकदम भावाबद्दल बोलायला लागले आणि अक्कानं घाईघाईनं दोन टिचक्या मारल्या होत्या.

आता फळीवरून काका सांगत होते, "दोर तुटला असं मी सगळ्यांना सांगितलं. दोर तुटला नव्हता. माझे हात गारठले होते आणि तो मला आत ओढत होता. मी सोडला. तो माझ्याकडे बघत होता."

नाव घेतलं नव्हतं. पण या गावात माणूस नुसता खोकला तरी ओळखू येतो, नाव कशाला लागतंय! पाववालीनं हात पुढे करून रेडिओ बंद केला. अक्काच्या मागे उभी असलेली शिंपीण पुढे झाली आणि तिनं अगदी हळू विचारलं, "अक्का, माझंही आहे का गं त्यात?"

अक्का पाव न घेताच बाहेर पडली.

केंद्रावर फोन खणखणत होते. धाकटीचे गाल आनंदानं लाल झाले होते. "अक्का! ऐकलंस? राजधानीहून फोन आला, त्यांना सगळ्या देशात लावायचाय हा कार्यक्रम!"

"टिचकीतलं होतं ते," अक्का म्हणाली.

"हो ना, म्हणून तर! तुझी सव्वीस वर्षं ऐकत बसायचं म्हणजे मला दोन जन्म लागले असते. मग संगणकाला तुझी टिचकी ऐकवली आणि म्हटलं, असा आवाज असेल तिथे तिथे खूण कर. चारशे बारा जागा निघाल्या! बाकी सगळं नुसतं हवापाणी गं. माणसं खरं बोलतात ती टिचकीच्या पुढेच."

झाकण्यासाठी जी खूण केली, तीच या पोरीनं उघडायला वापरली होती, आणि वर कौतुकाची वाट बघत होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे, आणि कापणारीला त्याचा पत्ताच नव्हता. की होता?

"जाळीवाल्या काकांच्या वहिनी रोज रेडिओ ऐकतात," अक्का म्हणाली.

"त्या वरच्या मजल्यावरच्या? पण त्यांना तर ऐकू कमी येतं ना?" धाकटी बोलून गेली.

"म्हणजे तुझ्या मनात आलं होतं."

"मी नावं कुणाचीच नाही घेतली, अक्का."

"तुझ्या मनात आलं होतं, आणि तरी लावलंस. मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस." धाकटीचा आवाज आता चढला. "प्रत्येक वेळी तू नाहीच म्हणतेस. ही माणसं मरतील, तू मरशील, आणि सगळं कपाटात कुजेल. मी ते वाचवलंय. तुझं नाव केलंय मी!"

तेवढ्यात केंद्रप्रमुख आतून फुलं घेऊन आले. "अक्का, अहो, कमाल केलीत! पुढच्या शनिवारी दुसरा भाग लावू."

"तो लावायचा नाही," अक्का म्हणाली.

"बघू ना, बघू," ते म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे काय ते अक्का सव्वीस वर्षं ओळखून होती. कपाटाची किल्ली टेबलावर पडली होती. ती उचलून तिनं खिशात टाकली. सगळं केव्हाच संगणकात गेलंय, हे तिला जिना उतरताना आठवलं.

तळ्याजवळच्या त्या घरापाशी पोचली तेव्हा वहिनी बाहेरच्या जिन्यावर होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, अंगावर शाल, हातात दोन दोन ओंडके. काकांनी हिवाळ्यासाठी फोडून वर रचून दिलेली लाकडं त्या एकेक फेरी करत खाली आणून काकांच्या दाराशी टाकत होत्या. अर्धा ढीग झाला होता. पायऱ्यांवर बर्फ होता, आणि आज तो कुणी काढला नव्हता.

"वहिनी, पडाल. द्या इकडे."

"हात लावू नकोस." वहिनी धापा टाकत म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली म्हणे, रेडिओवरच सांगितलं. अकरा वर्षं दर रविवारी माझ्याकडे येऊन चहा पीत होतीस तू. मी माझ्या दिराचं कौतुक सांगायचे आणि तू मान हलवायचीस. मजा वाटत होती का गं?"

"नाही हो. मी शब्द दिला होता त्यांना."

"आणि मला?" वहिनींनी विचारलं आणि त्या पुढच्या फेरीसाठी वर गेल्या. कठड्याला धरून, एकेक पायरी चढत.

काका आत होते. दार उघडंच होतं. मांडीवर जाळं होतं, सुई हातात, पण सुई चालत नव्हती. अक्का दारातच हात जोडून उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं, किल्ली, संगणक, धाकटी. आपण काही केलं नाही, आपला घात झाला, हे तिनं दोनदा सांगितलं. बोलताना ती रडली. दाराबाहेर ओंडके पडल्याचा आवाज आला, मग पुन्हा पावलं जिना चढू लागली.

"तू लावलं नसशील, हे ठाऊक आहे मला," काका म्हणाले. "तू टिचकी मारलीस, ती मी ऐकली होती. म्हणून तर बोललो. एकच सांग, अक्का. तू ते ठेवलंस कशाला?"

केंद्राचा नियम आहे, असं तिच्या ओठांवर आलं. पण असा नियम नव्हता. टिचकीतलं पुसून टाकायला एक मिनिट लागतं, आणि दुसऱ्या कितीतरी जणांचं तिनं पुसलं होतं. काकांचं नाही पुसलं. उलट दरवर्षी एकदा, केंद्रावर कुणी नसताना, ती ते काढून ऐकत असे. सव्वीस वर्षांत तिच्या हातून इतकं चांगलं दुसरं काही झालं नव्हतं. तो आवाज, ती थांबायची जागा, मागे तळ्यावरचा वारा.

या माणसाशी आता खोटं बोलणं तिला जमेना.

"चांगलं झालं होतं, काका," ती म्हणाली. "पुसवलं नाही."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, आणि राग असता तर तिला सोसला असता.

"मग ती पोर तुझ्यावरच गेलीय," ते म्हणाले, आणि बाहेर टाकलेली लाकडं आत घ्यायला उठले.