उजव्या कोपऱ्यातला ठिपका

कुणाबद्दल लिहावं इतका मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि माझं लिखाण आजवर उत्तरपत्रिकेच्या बाहेर गेलेलं नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण फोटोमावशीबद्दल मी लिहिलं नाही तर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही. आणि लिहिलंच, तर तिच्या शेठचं नाव वर घालतील. त्या शेठचं नाव इथे कुठेही येणार नाही. त्यानेही तिचं कुठे येऊ दिलं नव्हतं.

मावशी कल्याणजवळच्या मोहन्याला आमच्या शेजारी राहायची. नाव मंदा. डोंबिवलीतल्या या शेठच्या स्टुडिओसाठी लग्नात बायकांच्या बाजूचे फोटो काढायची. धूळ आणि अपमान तिच्या नजरेतून सुटत नसत. कोपऱ्यावरच्या वाण्याने एकदा तिला सगळ्यांसमोर "ए बाई, बाजूला हो" म्हटलं. तेव्हापासून ती मिठासाठीसुद्धा शहाडला जायची.

आई म्हणायची, "अगं मंदा, त्याच्या लक्षात तरी आहे का ते?"

"त्याच्या नसेल. माझ्या आहे ना."

कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी खडवलीच्या नदीचे फोटो काढले होते. कॅमेरा कॉलेजचा. प्रत्येक फोटोत काळपट ठिपके आले. मी शर्टाच्या टोकाने लेन्स पुसत बसलेलो, तर मावशी दारातूनच म्हणाली, "अरे, शर्ट झिजेल, नाहीतर लेन्स. डाग बाहेर नाही, आत आहे."

"कशावरून?"

"नदीवर, झाडावर, तुझ्या मित्राच्या कपाळावर, सगळीकडे एकाच जागी आहे बघ. बाहेरची धूळ इतकी शिस्तीने बसते का?"

तिने लेन्स काढली, कॅमेरा पालथा धरला आणि रबरी फुग्याने आतल्या काचेवर हवा मारली. मी मदत म्हणून फुंकायला वाकलो, तर हातावर चापट बसली. "तोंडाने नाही. थुंकी उडते. थुंकी जपून ठेव, ती कुणावर टाकायची ते मी सांगीन."

गंमत म्हणजे तिच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात ठिपका होता. वर उजव्या कोपऱ्यात, कापलेल्या नखाएवढा, वाकडा. लोकांना फोटो देताना ती तो एकेका फोटोतून कॉम्प्युटरवर पुसत बसायची, पण कॅमेरा काही साफ करायची नाही. मी विचारलं, "हा कसला?"

"तो शेठ," ती म्हणाली.

शीळफाट्याकडच्या एका गावात आगऱ्यांच्या घरी हळद होती. भर दुपारी अंगणात हळद उधळत होती. अशा वेळी लेन्स बदलायची नाही, हा मावशीचा नियम. शेठला घाई होती. "दे इकडे," म्हणत त्याने तिच्या हातातून तिचा कॅमेरा ओढला आणि तिथेच उभ्या उभ्या लेन्स बदलली. तेलकट हळदीचा कण आत चिकटला. फुग्याला दाद देईना.

त्यानंतर तासाभरात तिने तो फोटो काढला. लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी धवलारीण, हात कोपरापर्यंत पिवळे, डोळे मिटलेले, मागे मांडवाचं पांढरं कापड. ऑर्डर संपली की कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड शेठच्या ताब्यात जायचं, तसं तेही गेलं. काही दिवसांनी तो म्हणाला, "मंदा, तो म्हातारीचा फोटो साफ करून दे. मोठा छापायचाय."

मावशीला डावाचा वास आला. तिने सगळे डाग पुसले, उजव्या कोपऱ्यातला तो एक सोडून. तो मांडवाच्या कापडाच्या घडीत होता, शेठला दिसला नाही. "तो फक्त चेहरे बघतो," ती मला म्हणाली.

ठाण्याच्या एका स्पर्धेत त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. खाली शेठचं नाव. मावशीने स्टुडिओत जाऊन विचारलं, तर तो म्हणाला, "ऑर्डर माझी, फोटो माझा. तुला कोण ओळखतं?"

मी म्हटलं, "मावशी, आत्ताच जाऊन सांगूया स्पर्धावाल्यांना."

"थांब. आधी त्याला चार लोकांत बोलू दे, मीच काढला म्हणून. मग मागे फिरता येत नाही."

स्पर्धेच्या प्रदर्शनाला ती मला सोबत घेऊन गेली. शेठ माईकवर आपल्या नव्या महागड्या कॅमेऱ्याबद्दल बोलला, म्हातारीला कसं खुलवलं तेही बोलला. मावशीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, टाळ्याही वाजवल्या. मग परीक्षकांपुढे जाऊन समोरच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "हा ठिपका बघा. आता त्या फोटोतला बघा."

शेठ हसला. "मंदा, धूळ सगळ्यांच्याच कॅमेऱ्यात असते."

"असते ना. मग तुमच्या कॅमेऱ्याने भिंतीचा एक काढा. ठिपका याच जागी आला तर मी पाया पडते."

शेठने कॅमेरा आणला नव्हता. परीक्षक म्हणाले, लेखी तक्रार द्या. ती मीच लिहिली, चारदा खोडून.

पुढे काहीच झालं नाही. शेठने तिचं काम बंद केलं आणि डोंबिवलीत दुसऱ्या कोणी तिला उभं केलं नाही. मावशी खडवलीला भावाकडे गेली. निघताना मी म्हटलं, "आता तरी तो साफ करून घे. किती पुसत बसशील?"

"साफ केला तर साक्षीदार गेला," ती म्हणाली, आणि कॅमेरा साडीत गुंडाळून पिशवीत ठेवला.

त्यानंतर आमची भेट नाही. मी ठाण्यात शिकतो. काल स्पर्धा घेणाऱ्या संस्थेतून फोन आला, कारण तक्रारीवर नंबर माझा होता. शेठला आपल्या कॅमेऱ्याचा, तसाच ठिपका असलेला एकही फोटो दाखवता आला नाही. बक्षीस काढून घेतलं आहे, फोटोखाली आता मंदा हे नाव लागेल, आणि स्टुडिओच्या काचेतला मोठा फोटो उतरवायला त्याला आजची मुदत दिली आहे.

मी लगेच खडवलीला फोन लावला. तिच्या वहिनींनी उचलला आणि निरोप तिला सांगितला. आज सकाळी पुन्हा लावला, तर वहिनीच बोलल्या.

"वन्सं पहाटेच गेल्या. कल्याणला कॅमेरा साफ करायला टाकणार म्हणाल्या."

मला बरं वाटलं. म्हटलं, सुटली बिचारी.

"पण आधी पुढे डोंबिवलीला उतरणार आहेत," वहिनी म्हणाल्या. "तो फोटो खाली उतरवताना शेठचा एक फोटो काढायचाय. ठिपक्यासकट."