टॉवेलाचं बाळ

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कर्नाटकात आनेकलला अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण टीव्हीवरून चालायचं. शिकवणाऱ्या बाई बेंगळुरूच्या स्टुडिओत, सेविका इथल्या सभागृहात, आणि छपरावरची डिश सांभाळायला पुण्याहून नुकताच आलेला मी. बाई आम्हाला दिसायच्या, त्यांना आम्ही नाही.

त्या दिवशी तान्ह्या बाळाला कसं धरायचं ते शिकवत होत्या. बाळं म्हणजे सेविकांनी घरून आणलेले, गुंडाळलेले टॉवेल. "मानेखाली हात हवा," असं बाई म्हणाल्या आणि चित्रच गेलं. मी मराठीत एक शिवी हासडली. सगळ्यांनी आपापली बाळं टेबलावर टाकली आणि चहाला गेल्या.

एक सेविका मात्र कोपऱ्यात उभीच. केसांत अबोलीचा गजरा, पायांत झिजलेल्या चपला आणि तळहात टॉवेलाच्या मानेखाली.

"अक्का, ठेवा की खाली. वेळ लागेल," मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणालो.

माझी शिवी तिला कळली असणार, कारण उत्तर मराठीत आलं. "टीव्ही गेला म्हणून याची मान सोडू का, अण्णा?"

मी हसत छपरावर गेलो. डिश हलवून खाली आलो, तर ती उभ्या उभ्या डुलत त्याला थोपटत होती. मग मला हसता आलं नाही.

चित्र आलं. "सगळ्यांना जमलं ना?" बाईंनी विचारलं आणि लगेच पुढे गेल्या. त्यांना बिचाऱ्यांना तिथून काय दिसणार!

धडा संपल्यावर तिनं बाळ बाकावर ठेवलं. मानेखालचा हात सगळ्यात शेवटी काढला. मग टॉवेल झटकला, त्यानंच तोंडावरचा घाम पुसला आणि बस पकडायला धावली.