गेरूची रेघ

“पाणी पाहिजे होतं तर मागायचं, आत्या. आता तुमचा हात लागलेलं अख्खं टिपाड ओतून देऊ का?” अंबिकानं तिसऱ्यांदा विचारलं.

सासू, बानाबाई, टिपाडापासून हलली नाही. दुष्काळाचं दुसरं वर्ष. बजाजनगरात टँकर तीन दिवसांनी यायचा. मुलगा रामहरी वाळूजच्या कारखान्यात लागला तशी मेंढरं विकून सगळे इथं आले, आणि इथंच बानाबाईच्या दंडावर बधिर चट्टा दिसला. महारोग. तेव्हापासून तिचं ताट, तांब्या, वाकळ दाराबाहेर. औषध सुरू झालं की लागण होत नाही, हे डॉक्टरांनी सांगूनही.

दुसऱ्याच दुखण्यावरची एक गोळी या रोगावर चालते का, ते दवाखान्याला तपासायचं होतं. घ्याल का, विचारल्यावर बानाबाईनं लगेच अंगठा दिला. धनगराघरी नवं औषध आधी एका मेंढीला पाजतात, गेरू लावून तिला वेगळी बांधतात, गुण आला तर मग बाकीच्यांना. ती मेंढी मीच समजा, असं तिनं सांगितल्यावर नर्सला हसू आवरेना.

चट्टा पसरतो का ते कळावं म्हणून बानाबाईनं त्याच्या कडेनं गेरूची रेघ ओढली. पुसट झाली की पुन्हा ओढायची. वर्षभरात चट्टा रेघेपासून आत आत सरकत गेला. पण घरात चट्टा कुणी पाहिलाच नाही, सगळ्यांनी रेघ पाहिली. अंगावर गेरू आहे तोवर मेंढी कळपात सोडायची नाही, हे नवऱ्याला, सोनाजीला, पक्कं ठाऊक होतं.

आज सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावून दंडाला कापूस लावला. कुठं लागला, ते तिनं दर वेळी बरोबर सांगितलं. कानाच्या पाळीच्या तपासणीतही जंतू निघाले नाहीत. गोळीनं गुण दिला होता.

बानाबाईनं टिपाडातून पेलाभर पाणी काढलं आणि दंडावर ओतलं. तळहातानं घासलं. लाल ओघळ कोपरावरून फरशीवर आला. रेघेच्या जागी नुसती कातडी उरली, जरा फिकी.

“गेरू गेला,” ती दारात बसलेल्या सोनाजीला म्हणाली. “आता बांधून ठेवता का?”

सोनाजीनं वाकून दंड निरखला. मग उठून दारातून बाजूला झाला.

बानाबाईनं बाहेरचं ताट उचलून आत, बाकीच्या ताटांवर ठेवलं.

“उद्यापासून भाकरी मी करणार,” ती म्हणाली. “पीठ काढून ठेव, अंबिका.”