डाव्या बाजूचं अर्धं बोट

शिवण मला कोणी शिकवलं नाही. लग्नातला एक ब्लाउज उसवला, तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून तसेच कापले आणि जोडायला बसले, तर एक बाही उलटी लागली. अशी शिकले. पुढे महाडात आमच्या ओटीवर मशीन आलं आणि बायका कापड घेऊन यायला लागल्या. दासगावच्या यायच्या, शिवथरकडच्या यायच्या. माप घेताना बाई जे बोलते ना, ते ती नवऱ्याशीही बोलत नाही. पण माझी स्वतःची नणंद मात्र वर्षभर माझ्यासमोर टेपला उभी राहिली नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे ही. धाकटी नणंद आमची आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या वरच्या अंगाला दिलेली. तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. आमच्याकडे तेव्हा असल्या जागेचं नावसुद्धा कोणी घेत नसे, "तिला बरं नाय" एवढंच म्हणायचे. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेली. त्या काळी अशा बाईचं सगळंच काढून टाकायचे. पण तिची गाठ लहान होती. डॉक्टर म्हणाले, नुसती गाठ आणि तिच्या भोवतीचं थोडं काढू, मग विजेचा शेक देऊ. दीड महिना ती मुंबईला दिराकडे राहून रोज शेकाला जात होती. परत आली ती बरी होऊन. आणि नवऱ्याचा शर्ट घालून.

आमच्याकडे लावणीला बायका लुगड्यावर शर्ट घालतातच, त्याचं काही नाही. पण हिने तो काढलाच नाही. बाजाराला शर्ट, देवळात शर्ट, कोणाच्या बारशाला गेली तरी वर शर्टच. अशात तिच्या मुलीचं लग्न ठरलं, वैशाखातलं. हिने आधीच सांगून टाकलं, "मी आतमधी चुलीकडं बगीन. मांडवात तुमी हुबे ऱ्हावा."

मुलगी रडली. म्हणाली, "आई मांडवात नसेल तर मी हळद लावून घेणार नाय." आईने ऐकून घेतलं आणि भांडी घासायला गेली.

माघात हॉस्पिटलचं कार्ड आलं. तपासणीला या, त्यात ऑपरेशन केलेली जागा आता कशी दिसते तेही पाहायचं आहे, फोटो काढायचे आहेत. झालं! नणंद म्हणाली, "मी नाय जायाची. फोटू काडून काय भिंतीवर लावनार हायत?"

"अगं, तोंड नाही येणार फोटोत."

"मंग कशाचा येनार, ते बोल की वयनी!"

मी तिला एवढंच म्हटलं, की गाठ परत आली आहे की नाही हेही तेच बघतात, आणि तुझ्या मुलीच्या लग्नाला तू जिवंत हवीस, चुलीजवळ का होईना. मग आली. महाडहून सकाळची एस.टी. धरली आम्ही. वडखळपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. पुण्याकडची असावी, फार स्वच्छ बोलायची. तिने नणंदेला पडद्यामागे नेलं आणि मलाही बोलावलं. नणंदेने शर्ट काढला तेव्हा मान भिंतीकडे वळवली होती. मी पहिल्यांदा पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच बरं होतं. डाव्या बाजूला खालून एक खळगा पडला होता, बोंड थोडं वर आणि बाहेर ओढलेलं, शेकाची कातडी तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीच्या रंगाची. पण बाईचं अंग होतं ते, दोन्ही बाजूंनी.

डॉक्टरीणबाईने टेप काढला. गळ्याच्या खळीपासून खाली बोंडापर्यंत, आधी उजवीकडे, मग डावीकडे. मी बघतच राहिले. अगदी आमचंच काम! फक्त ती खडू न वापरता कागदावर लिहीत होती. मग नर्सने फोटो काढले. हात खाली सोडून एक, हात वर करून एक. तोंड खरंच आलं नाही त्यात.

मग कागद. त्यावर दोन रकाने होते, एक डॉक्टरचा, एक पेशंटचा. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मावशी, तुमचं तुम्हांला कसं वाटतं ते सांगा. चार शब्द आहेत. उत्तम, चांगलं, बरं, वाईट."

नणंद झटकन म्हणाली, "उत्तम."

अहो, आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी जेवलं आणि कसं झालंय विचारलं, तर कोणी अळणी म्हणतं का? ज्यांनी जीव वाचवला त्यांच्या तोंडावर "तुमचं काम खळगा पाडणारं आहे" कसं म्हणायचं? तिला वाटलं, डॉक्टरीणबाई स्वतःच्या हाताची चव विचारते आहे.

मी म्हटलं, "बाईसाहेब, खोटं बोलतेय ती. वर्षभर नवऱ्याचा शर्ट घालून हिंडते."

नणंदेने मला असा चिमटा काढला, महाडला येईपर्यंत दंड दुखत होता. डॉक्टरीणबाई हसली नाही. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मावशी, ऑपरेशन मी केलेलं नाही. मला वाईट वाटणार नाही. पण तुम्ही उत्तम म्हणालात तर पुढच्या बाईलाही आम्ही असंच कापू."

नणंदेने शर्ट ओढून अंगावर घेतला. मग म्हणाली, "वाईट लिवा."

लिहिलं तिने वाईट. स्वतःच्या रकान्यात तिने आधीच "बरं" लिहिलं होतं. तपासणीत गाठबीठ काही निघाली नाही, आणि आम्ही परत आलो.

आता मात्र मी तिला सोडली नाही. चार दिवस महाडात ठेवून घेतली. म्हटलं, लग्नाचा ब्लाउज मी शिवते, अस्तरात खिसा करते, त्यात सावरीचा कापूस भरते, कोणाच्या बापाला कळणार नाही. टेपला उभी राहिली एकदाची. मी डाव्या बाजूला कापूस भरून दोन्ही बाजू अगदी सारख्या केल्या. मोठ्या ऐटीत तिला घालायला दिला.

आरशात पाहून म्हणाली, "ही मी नाय."

"म्हणजे?"

"काय म्हाईत. कोनाची तरी सून वाटते."

मला राग आला. दोन दिवसांचं काम! कापूस कमी केला, जास्त केला, टक्स, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या चुण्या, बदलले. तिला पटेना. शेवटी मी म्हटलं, तुझं ऑपरेशनच्या आधीचं एखादं पोलकं घेऊन ये, त्याच्यावरून बघू. तिने पुढच्या खेपेला एक आणलं, मीच कधीतरी शिवलेलं, हिरवं, खणाचं. मी ते उसवलं आणि पुढचे दोन्ही भाग एकावर एक ठेवले.

डावीकडचा टक्स अर्धं बोट जास्त दाबलेला होता.

मग माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षं मी हेच करत आले होते! कुठल्याच बाईच्या दोन बाजू सारख्या नसतात. कोणाची डावी लहान, कोणाची उजवी खाली. आम्ही शिवणाऱ्या बायका न बोलता एका बाजूला टक्स जास्त दाबतो आणि बाईला कधी सांगत नाही, उगाच तिच्या मनात कशाला घाला. नणंदेच्या अंगावरही मी ते केलं होतं आणि विसरून गेले होते. आणि आता दोन्ही बाजू सारख्या करून तिला सांगत होते, ही बघ तू.

मी तिला ते दोन तुकडे दाखवले. "हे बघ. डावीकडून तू पहिल्यापासून अर्धं बोट कमीच होतीस."

ती म्हणाली, "आनि तू मला सांगितलं नायस?"

"सांगून काय करणार होतीस?"

"काय नाय. पन आमच्या यांना सांगितलं असतं, म्हनून तुमी कायम माज्या उजवीकडं झोपता," आणि अशी हसली गो बाई, की मशीनवरचा दोरा ओवायचा माझा राहून गेला. वर्षभरात मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती. मग कापूस मी पुष्कळ कमी केला. अर्धं बोट तिचं तिला ठेवलं, ऑपरेशनचा खळगा तेवढा भरला.

वैशाखात ती मांडवात उभी होती. पिवळ्या जरीच्या काठाचं लुगडं, नवा हिरवा ब्लाउज, डोक्यावरून पदर. विहिणीने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, तर ही तिला म्हणाली, "बगता काय, पोलका आवडला? आमच्या वयनीनं शिवलाय, महाडला जावा." विहीण खरंच आली नंतर माझ्याकडे, तीन कापडं घेऊन.

पुढच्या वर्षी कार्ड आलं तेव्हा मला बोलवायला तीच आली. तीच डॉक्टरीणबाई, तोच टेप. तिने मापं घेतली, फरक काढला आणि स्वतःच्या रकान्यात पुन्हा "बरं" लिहिलं. नणंद वाचू शकत नव्हती, पण मागच्या वेळचा शब्द केवढा होता ते तिने पाहून ठेवलं होतं. म्हणाली, "तेच लिवलंत ना मागच्यावानी? यातलं अर्धं बोट माजं जलमाचं हाय. तुमच्या डागदरनं नाय कापलेलं. ते वजा करा."

डॉक्टरीणबाईने माझ्याकडे पाहिलं. मी टक्स समजावून सांगितला. ती लिहायची थांबली. म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी आम्ही माप घेतलंच नव्हतं." मग तिने कागदाच्या कडेला काहीतरी बारीक लिहिलं, आणि विचारलं, "बरं मावशी, तुमचा शब्द कोणता?"

"चांगलं," नणंद म्हणाली. "उत्तम नाय. खळगा हाय तो हाय."

बाहेर बाकावर एक बाई बसली होती, अलिबागकडची, ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं. रडून रडून तोंड सुजलेलं. आम्हांला बाहेर येताना पाहून तिने मलाच विचारलं, "ताई, नंतर कसं हो दिसतं?"

मी काही सांगायच्या आत नणंदेने तिचा हात धरला, पडद्याकडे नेलं आणि आत गेल्यावर मोठ्याने म्हणाली, "वर बग गो. खाली काय बगतेस? लाजायचं तर मी लाजू, दाखवनारी मी हाय."