दुपारी दीडची परीक्षा

गहिनीनाथ गवंड्याला शोरूम या शब्दाचीच शिसारी. एसीत खुर्चीवर बसून, बोटानं चोळून चोळून फरशी निवडणारा माणूस दिसला की त्याचं नाक आपोआप मुरडायचं. "फरशीवर काय बोटांनी चालनार हाय व्हय?" असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर विचारायचा. अशानं कितीतरी कामं हातची गेली. तरी श्रीगोंद्यात कुणाला अंगण करायचं झालं की लोक त्याचे टोमणे खात त्याच्याच दारात यायचे, कारण त्यानं बसवलेली शहाबादी वीस वर्षांत तसूभर हलली नव्हती.

त्याची एक परीक्षा होती. ऐन उन्हाळ्यात, दुपारी दीड वाजता, निवडलेल्या दगडावर गिऱ्हाइकानं चपला काढून उभं राहायचं. गहिनीनाथनं तीस आकडे मोजायचे. मग तांब्याभर पाणी ओतून वर चालून दाखवायचं. भाजला किंवा घसरला तर दगड मुकाट्यानं परत. भल्याभल्यांना आपण उड्या मारायला लावल्या, याचा त्याला कोण गर्व!

साखर कारखान्यातून निवृत्त झालेले राधाकृष्णराव बंगल्यापुढे बाग करायला निघाले आणि मोबाईलवर परदेशातल्या बागा बघबघून त्यांचं डोकं फिरलं. बागेतल्या वाटेचं काम त्यांनी गहिनीनाथला दिलं. वाटेसाठी आधी लाल पेव्हर ब्लॉक ठरले, मग पांढरे गोटे, मग प्लास्टिकचं गवत. चौथ्या खेपेला टेम्पोतून काळाकुळकुळीत पॉलिश ग्रॅनाइट उतरला.

"ह्यात तोंड बघायचं का ह्याच्यावर चालायचं?" गहिनीनाथनं विचारलं.

"रिच लुक येतो, मिस्त्री. तुम्हाला नाही कळायचं ते."

झालं! मिस्त्रीचं टाळकंच सटकलं. दुसऱ्या दिवशी दीडच्या ठोक्याला तो हजर. चार लाद्या त्यानं सकाळीच उन्हात मांडून ठेवल्या होत्या. रावांनी चपला काढल्या, पाय टेकवला आणि "आई गं!" करत टुणकन बाहेर उडी मारली.

"का वो साहेब? रिच लुक लई झाला?" गहिनीनाथ पोट धरून हसला.

राव लालबुंद झाले. त्यांची बायको सत्यशीला सरबताचे ग्लास घेऊन पायरीवर उभी होती. जेवणं उरकली की रोज पाखरांना पाणी ठेवायला अनवाणी बागेत येणारी तीच, तेव्हा वाट खरी तिच्यासाठीच होती. राव तिच्यावर खेकसले, "तू उभी राहा गं. ह्यांचं तोंड एकदाचं बंद होऊ दे."

ती उभी राहिली. तीस झाले, साठ झाले. सरबतात लिंबू जास्त झालं का, असं विचारत ती आपली निवांत उभीच.

राव टाळ्या पिटायला लागले. "बघा! बाईमाणूस उभं आहे. कोण नापास, मिस्त्री?"

गहिनीनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याची बाजू राखायला बया दात-ओठ खाऊन उभी राहिलीय, असंच त्याला वाटलं. आता उतरेल, मग उतरेल म्हणून तो ईर्ष्येनं मोजतच राहिला. दोनशे झाले तरी तिच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. तेव्हा मात्र त्यानं मोजणं थांबवलं.

"वहिनी, उतरा खाली. पाय दावा."

ती पायरीवर बसली आणि तिनं पाय वळवला. तळवा लालभडक झाला होता, टाचेवर फोड टरारून आला होता.

"अगं बाई, हे कधी झालं?" ती नवलानं स्वतःच्याच पायाकडे बघत राहिली. "पायाला कळतच नाही हो काही. शुगर आहे ना मला. दोन वर्षं झाली. ह्यांना सांगितलं होतं, तर म्हणाले, वय झालं तुझं."

राव बादली घेऊन धावले आणि खाली बसून तिच्या पायावर पाणी ओतू लागले.

"चार डाव दगड निवडला तुमी, साहेब," गहिनीनाथ कडाडला. "बायकोचे पाय एकदा तरी बघितले व्हय?"

राव पाणी ओततच राहिले. गहिनीनाथच्या जिभेवर अजून पुष्कळ होतं. पण तीस आकडे कधीच होऊन गेले होते आणि पुढचे एकशे सत्तर त्यानं स्वतः मोजले होते, हे त्याला आठवलं. त्याला स्वतःचीच किळस आली.