शनीची खुंटी

तोताराम गुरुजींना एक खोड होती: मुलांना जे सांगायचं, ते चालून दाखवायचं. एरंडोलजवळच्या आमच्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. त्यांची चौथीची मुलं सदा उन्हात हिंडायची आणि त्यांचा गोंगाट माझ्या दुसरीच्या वर्गात यायचा. माझं डोकं उठायचं.

१९७१ च्या हिवाळ्यात त्यांनी आभाळ मोजायला काढलं. शाळेच्या भिंतीला बैलगाडीचं चाक टेकवलं: हा सूर्य. त्या मापाने पृथ्वी म्हणजे गावठी बोर. मग ते बोर चाकापासून किती लांब ठेवायचं? मुलं म्हणाली, चार पावलं. गुरुजी त्यांना दोनशे पावलं घेऊन गेले, मारुतीच्या पारापर्यंत. गुरू ग्रहाला हजार पावलं लागली. शनी दोन हजारांच्या आसपास, थेट झुलाल आबांच्या उभ्या ज्वारीत. प्रत्येक ठिकाणी खुंटी ठोकून तिला तांबडं फडकं बांधलं.

इथेच घोळ झाला. चार वर्षांपूर्वी अशाच खुंट्या आल्या होत्या, आणि मागोमाग आबांची तीन एकर जमीन कालव्यात गेली होती. आबांना वाटलं, या वेळी सरकारने मोजणी मास्तरांकडूनच करून घेतली. गुरुजींची बदली करा, असा अर्ज जिल्हा परिषदेला द्यायचं त्यांनी ठरवलं. गुरुजींचं घर, अंथरुणाला खिळलेली आई, सगळं याच गावात. बदली म्हणजे त्यांना हद्दपारीच. माझं अक्षर चांगलं म्हणून अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. खुंट्या कशाच्या ते मला ठाऊक होतं, तरी मी लिहिला. आजही लाज वाटते.

अंगठा लावलेला अर्ज बंडीच्या खिशात आणि उपटलेली खुंटी हातात घेऊन आबा शाळेत आले.

"मास्तर, आते कितली जमीन जाई?"

गुरुजी वाद घालत बसले नाहीत. माझ्याबरोबर चला म्हणाले, आणि चाकापासून पावलं मोजत निघाले. मागे मुलं, आणि राहवेना म्हणून मी. शेतात पोचल्यावर आबांनी वळून पाहिलं. चाक सोडाच, शाळाही दिसत नव्हती. राग वाटेतच कुठेतरी उतरला असावा, कारण त्यांनी विचारलं, मग चांदण्या कुठे? गुरुजी म्हणाले, या मापाने सगळ्यात जवळची चांदणी गाठायची, तर इथून निघून अख्ख्या पृथ्वीला वळसा घालून परत याच बांधावर यावं लागेल.

आबांनी वर बघितलं.

"नि मधली जागा कोनी शे?"

"कोणाचीच नाही, आबा. सगळी रिकामी."

"बठ्ठी?" आबांनी विचारलं. "मंग सरकारले सांगा, मास्तर, कालवा तठून काढा."

एकही मूल हसलं नाही. आबांनी खिशातला अर्ज काढून गुरुजींच्या हाती दिला. गुरुजींनी तो उलगडला, अक्षर पाहिलं, आणि घडी घालून माझ्याकडे दिला.