अर्धी इडली

गोकुलममधल्या वजन उतरवणाऱ्या सरांनी आमच्या अक्काला फसवलं. हे आधी सांगतो, मग तिच्याबद्दल.

माझ्या टेलरिंगच्या दुकानात ती शिवणकामाला होती. कुणी आत पाऊल टाकलं, की मशीनवरून मान वर न करता ती विचारायची, ‘ऊट आय्ता?’ जेवण झालं का, हे म्हैसूरमध्ये सगळेच विचारतात. उत्तराची वाट कुणी बघत नाही. ती बघायची. गिऱ्हाईक ‘नाही’ म्हणालं की डबा उघडायची. ब्लाउज शिवायला येऊन लिंबू पिळलेला चित्रान्न भात खाऊन गेलेल्या बायका कुवेंपुनगरात तुम्हाला आजही भेटतील.

‘अक्का, हे दुकान आहे, मेस नाही!’ मी ओरडायचो.

‘असू द्या हो अण्णा. भरल्या पोटी माप घेतलं की ब्लाउज नंतर तंग होत नाही.’

पुढे तिचे गुडघे धरले, पायडल मारवेना. वजन उतरलं की गुडघे सुटतील म्हणून कुणीतरी तिला त्या सरांकडे नेलं. दिवसातून एकदाच जेवायचं, संध्याकाळी. मध्ये फक्त पाणी. वजन भराभर उतरलं. ती खूश होती. मग मशीनवर तिचे हात थरथरायला लागले. पंख्याखाली घाम. एकदा तिने मला भलत्याच नावाने हाक मारली, तेव्हा मी खरा घाबरलो.

कापडाच्या ठोक व्यापाऱ्यांना मी रडवून भाव उतरवतो. तिच्यापुढे माझं काही चालेना.

‘अक्का, दोन इडल्या खा.’

‘बेडा.’

‘एक?’

‘नको म्हटलं ना.’

‘अर्धी. तुझंही राहू दे, माझंही.’

‘साकु, पुरे हो अण्णा! मी काय कापडाचा तागा आहे, असा भाव करताय?’

एका सकाळी ती पाण्याबरोबर मधुमेहाची गोळी गिळताना दिसली.

‘अगं, रिकाम्या पोटी? साखर एकदम उतरेल ना!’

‘गोळी म्हणजे जेवण थोडंच? सरांनी जेवण सोडायला सांगितलंय, औषध नाही.’

मी तसाच स्कूटर काढून गोकुलमला गेलो. घाम, थरथर, गोळी, सगळं सांगितलं. ओरडूनच सांगितलं.

सर हसले. ‘घाबरू नका. चरबी जळताना असं होतं. गोळी चालू राहू दे.’

परत आलो तर मशीन बंद. कापडावर गाल टेकून ती पडली होती, शिवण तपासत असल्यासारखी. कपाळ ओलं, गार. मी तोंडात साखर घातली. ती ओठांवरच राहिली. ‘अक्का, एवढं खा गं,’ मी हाका मारत राहिलो. हॉस्पिटलात शुद्धीवर न येताच ती गेली.

सरांच्या भिंतीवर तिचे दोन फोटो अजून आहेत. एक जाडी असतानाचा, एक बारीक झाल्यावरचा. नव्या बायकांना ते दाखवले जातात.

सर, फोटोतली ही बाई आता कुठे आहे, तेही त्यांना सांगा. गोळीचं मी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं. ‘चालू राहू दे’ हे कुणाच्या भरवशावर म्हणालात? तिला एक मुलगी आहे. तिच्यासमोर उभं राहून उत्तर द्या.